हजाराचा आकडा कुठे कुठे आहे: प्रकल्प नोंदी

गुरुवार, ४ सप्टेंबर २०२५

काल रात्री जीएसटी कौन्सिलच्या ५६ व्या बैठकीचे निर्णय जाहीर झाले आणि आज सकाळी चहा व्हायच्या आत सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतून टॉवेल कारखान्याच्या मालकांचा फोन आला. त्यांच्यापुरता मामला असा: टॉवेल, चादरी, नॅपकिन हा जीएसटीच्या दरयादीतला ६३ व्या प्रकरणातला माल. आजवर नगाची किंमत १००० रुपयांपर्यंत असेल तर ५ टक्के, त्यावर १२ टक्के. २२ सप्टेंबरपासून मर्यादा २५०० होणार. तिच्या आत ५ टक्के, वर १८ टक्के. "एक आकडा बदलायचाय. तासाभराचं काम," मालक म्हणाले.

कारखान्याचं सॉफ्टवेअर व्हिज्युअल फॉक्सप्रो ९ या जुन्या डेटाबेस भाषेतलं आहे. ही फॉक्सप्रोची शेवटची आवृत्ती, २००४ च्या डिसेंबरात आलेली. मायक्रोसॉफ्टने तिचा सपोर्टही जानेवारी २०१५ मध्ये बंद केला. मालकांना त्याचं काही नाही, कारण बिल रोज निघतं. आत विक्रीकराचा थर आहे, त्यावर २००५ चा व्हॅट, त्यावर २०१७ चा जीएसटी. लिहिणारे सर निवृत्त होऊन मुलाकडे हैदराबादला असतात. सोर्स, म्हणजे मूळ कोड, मात्र कारखान्यात आहे, ही मोठीच गोष्ट. सोलापुरात अशी कितीतरी ठिकाणं मला माहीत आहेत जिथे नुसती एक्सई, म्हणजे चालणारी तयार फाइल, उरली आहे.

मालकांना तासाचं नव्हे, २१ तारखेपर्यंतचं सांगितलं.

शनिवार, ६ सप्टेंबर

विसर्जनाची सुट्टी. रस्त्यावर लेझीम, घरात मी आणि सोर्सची कॉपी.

पहिला शोध रिपग्रेपने, म्हणजे फायलींत मजकूर शोधणाऱ्या साधनाने: १०००. पीआरजी फायलींमध्ये (साध्या मजकुरातला कोड) सापडले ते बहुतेक ग्रॅमचे किलो करणारे भागाकार. टॉवेल वजनावर चालतो, त्यामुळे हजार जागोजागी. कराचा हजार एखादाच दिसला. बिलाच्या फॉर्ममधून तर एकही ओळ आली नाही, आणि हे संशयास्पद होतं.

कारण उघड आहे, पण नवख्याला ठाऊक नसतं. फॉक्सप्रोचा फॉर्म म्हणजे एससीएक्स आणि एससीटी या दोन फायलींची जोडी, आणि ती प्रत्यक्षात डीबीएफ, म्हणजे फॉक्सप्रोचं डेटाचं टेबलच असते, फक्त एक्स्टेंशन वेगळं. बटणावर क्लिक केल्यावर चालणारा कोड त्या टेबलाच्या मेमो फील्डमध्ये (लांब मजकुराचा रकाना) पडलेला असतो. क्लास लायब्ररी, रिपोर्ट, मेनू, सगळ्यांचं हेच. फोल्डर शोधताना रिपग्रेपला फाइलीत शून्य बाइट दिसला की ती बायनरी समजून तो पुढे निघून जातो. साधन बिघडलेलं नाही. त्याच्या लेखी तो मजकूरच नाही.

माझ्या ज्युनियरचा मेसेज: "सर, व्हीएस कोडमध्ये 'गो टू डेफिनिशन' का चालत नाही?" म्हणजे एडिटरमध्ये नावावर क्लिक केलं की ते जिथे लिहिलंय तिथे नेणारी सोय. त्यामागचा लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉल २०१६ चा. फॉक्सप्रोची शेवटची आवृत्तीसुद्धा तोवर जवळपास बारा वर्षं जुनी झाली होती. तिला उत्तर दिलं, "सोमवारी सांगतो."

सोमवार, ८ सप्टेंबर

आज दोन कामं झाली.

एक, फॉक्सबिनटूपीआरजी चालवलं. व्हीएफपीएक्स या मुक्त प्रकल्पातलं हे साधन बायनरी फॉर्म, क्लास आणि रिपोर्टच्या साध्या मजकुराच्या फायली करून देतं. आता रिपग्रेपला सगळं दिसतं. सगळं म्हणजे फारच. 'तीनशे ओळींचा क्लिक' हा प्रकार मी बऱ्याच वर्षांनी पाहिला.

दोन, युनिव्हर्सल सीटॅग्जला, म्हणजे कोडमधल्या नावांची सूची करणाऱ्या साधनाला, फॉक्सप्रो शिकवला. त्यात रेग्युलर एक्स्प्रेशन (मजकुराचा पॅटर्न) देऊन आपली भाषा जोडता येते. प्रोसीजर, फंक्शन आणि डिफाइन क्लास या तीन ओळी ओळखल्या की पुरे. पण फॉक्सप्रोत कुठलाही आदेश पहिल्या चार अक्षरांवर भागतो. रिप्लेसला रिप्ल, सिलेक्टला सेले, प्रोसीजरला प्रोक. सरांनी पूर्ण आणि आखूड दोन्ही रूपं वापरली आहेत, कधी एकाच फाइलीत. पॅटर्न त्याप्रमाणे सैल केले. ज्युनियरचं 'गो टू डेफिनिशन' आता चालतं.

फॉक्सप्रोच्या आतच 'कोड रेफरन्सेस' नावाची खिडकी आहे, ती फॉर्म आणि रिपोर्टमध्येही शोधते. एक-दोन नावं शोधायची असतील तर तिच्याइतकं सोपं काही नाही. मला मजकूर हवा होता तो पुढे गिटसाठी, म्हणजे कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या साधनासाठी.

मंगळवार, ९ सप्टेंबर

ज्युनियरने हौसेने कॉल ग्राफ काढला. कोण कुणाला बोलावतं ते छोट्या स्क्रिप्टने गोळा केलं आणि आकृती काढणाऱ्या ग्राफव्हिझकडे दिलं. चित्र आलं, जकार्ड चादर उलटी करून धरल्यावर सुटलेले धागे दिसतात तसं. मालकांनी ते पाहून "बापरे, एवढं आहे होय?" म्हटलं. मालकांना दाखवण्यापलीकडे त्याचा उपयोग नव्हता.

तिला वाईट वाटलं म्हणून बसून बोललो. संपूर्ण सिस्टीम समजून घ्यायची आणि मग बदल करायचा, हा क्रम ऐकायला बरा वाटतो. प्रत्यक्षात तसं कुणी करत नाही. १९८१ मध्ये मार्क वायझर यांनी 'प्रोग्राम स्लाइसिंग' मांडलं: एखाद्या ओळीवर एखाद्या व्हेरिएबलची जी किंमत आहे, तिच्यावर परिणाम करणाऱ्या ओळी तेवढ्या ठेवायच्या आणि बाकीचा प्रोग्राम बाजूला काढायचा. पुढच्याच वर्षी त्यांनी हेही दाखवलं की डिबगिंग करताना प्रोग्रामर मनातल्या मनात असेच तुकडे पाडत असतात. आपलं व्हेरिएबल एकच: बिलावरची कराची टक्केवारी. तिथून उलटं चालायचं. पगार, बीम (लूमवर चढवायचे ताण्याचे रूळ), सुताचा स्टॉक यांच्याकडे बघायचंही नाही.

मग तोच ग्राफ तिने गाळला, ज्या वाटा टक्केवारीच्या फील्डपर्यंत पोचतात तेवढ्याच ठेवल्या. एका कागदावर मावला. तो भिंतीवर चिकटवलाय. त्यात दोन बाण कुठेच जात नाहीत, ते का, ते उद्या.

बुधवार, १० सप्टेंबर

ते दोन बाण म्हणजे मॅक्रो. फॉक्सप्रोत व्हेरिएबलच्या नावाआधी अँपरसँड लावला की त्यातला मजकूरच कोड म्हणून चालतो. इथे टेबलातून एक मजकूर उचलतात आणि तो चालवतात. कुठला मजकूर, ते कोड वाचून कळणार नाही. कळेल ते चालताना.

कारखान्यात गेलो. वरच्या ऑफिसात लूमची खटखट फरशीतून पायाला लागते. हिशेब बघणारे अण्णा माझ्या लॅपटॉपकडे बराच वेळ बघत होते. "काय शोधूलालाव एवढं? मला विचारा की."

विचारलं. अण्णांना कोड येत नाही, पण कुठलं बिल कसं वागतं ते बोटांवर आहे. सुट्टा माल, सेटचा माल, जॉबवर्कचं बिल, माल परत आल्यावरची क्रेडिट नोट, आणि 'जुन्या पद्धतीचं' प्रोफॉर्मा, जे फक्त दोन पार्ट्यांना लागतं. ही पाच नावं मला कुठल्याही साधनाने दिली नसती. भिंतीवरच्या ग्राफमध्ये प्रोफॉर्मा नव्हताच, कारण तो मेनूतून नव्हे तर एका फंक्शन कीने उघडतो.

शेंगा चटणी आणि कडक भाकरी अण्णांच्या डब्यातली.

गुरुवार, ११ सप्टेंबर

हा दिवस सविस्तर लिहून ठेवतो, कारण पुढच्या कुठल्याही जुन्या सिस्टीमला हेच करणार आहे.

फॉक्सप्रोमध्ये 'सेट कव्हरेज' नावाचा आदेश आहे. त्याला फाइलचं नाव दिलं की चाललेल्या प्रत्येक ओळीची नोंद त्यात पडते: किती वेळ लागला, कुठला क्लास, कुठली प्रोसीजर, ओळीचा क्रमांक, फाइल, आणि कॉलच्या साखळीत किती खोल. डेव्हलपमेंटच्या मशीनवर, डेटाची कॉपी घेऊन, एकसारखी दोन बिलं केली. एकाच पार्टीचा एकच टॉवेल. एका बिलात दर ९००, दुसऱ्यात ११००. दोन लॉग आले. त्यांतून वेळेचा रकाना काढून टाकला (तो दर वेळी वेगळाच येतो, फरक उगाच वाढवतो) आणि एकमेकांसमोर ठेवून फरक काढला.

हजारो ओळींतून शिल्लक राहिल्या त्या मूठभर: जिथे दोन बिलांच्या वाटा फुटतात तिथल्या. नॉर्मन वाइल्ड यांनी ही युक्ती १९९० च्या दशकात 'सॉफ्टवेअर रेकॉनिसन्स' नावाने मांडली होती: एखादी सोय वापरून प्रोग्राम चालवा, ती न वापरता चालवा, आणि पहिल्यात असलेल्या पण दुसऱ्यात नसलेल्या ओळी बघा. साधी वजाबाकी. माझ्या मते जुना कोड समजून घ्यायच्या सगळ्या युक्त्यांत हिच्याइतकी फुकट आणि खात्रीची दुसरी नाही, आणि नेमकी तीच फार कमी लोक वापरताना दिसतात.

तिची एक मर्यादाही आजच कळली. सुट्ट्या बिलात इफ-एल्स होतं म्हणून फाटा दिसला. सेटच्या बिलात दोन्ही लॉग तंतोतंत सारखे, तरी कर वेगळा! तिथे निर्णय आयआयएफ या फंक्शनने एकाच ओळीत घेतलाय. ओळ तीच, आतली वाट वेगळी, आणि लॉग ओळींचा असल्यामुळे त्याला फरक दिसत नाही. रिपोर्टच्या एक्स्प्रेशनमध्ये लिहिलेली अट तर कोडची ओळच नव्हे. ती लॉगमध्ये यायचीच नाही. छापील बिलाच्या रिपोर्टमध्ये नेमकी तशी एक अट आहे: टक्केवारी टेबलातून न घेता बिल छापताना पुन्हा काढतात. म्हणजे टेबल बरोबर आणि कागद चुकीचा, असं व्हायला पूर्ण वाव. ही जागा मजकुराच्या शोधातून मिळाली.

एकाला जे दिसत नाही ते दुसऱ्याला दिसतं, म्हणून दोन्ही याद्या शेजारी लावल्यात.

शनिवार, १३ सप्टेंबर

मॅक्रोचा छडा. डिबगरमध्ये ब्रेकपॉइंटचा एक प्रकार आहे, 'एक्स्प्रेशनची किंमत बदलली की थांब'. मर्यादेच्या व्हेरिएबलवर तो लावला. फॉक्सप्रोत 'लोकल' न लिहिलेलं व्हेरिएबल बोलावलेल्या प्रोसीजरलाही दिसतं आणि तिला ते बदलताही येतं. त्यामुळे 'हे कुणी बदललं' याचं उत्तर कोड वाचून देणं अवघड. डिबगर मात्र थेट त्या ओळीवर जाऊन उभा राहिला.

मजकूर येतो तो डिझाइन मास्टरच्या टेबलातून. प्रत्येक डिझाइन नंबरासमोर 'सूत्र' नावाचा रकाना, बहुतेक ठिकाणी रिकामा. सेटच्या डिझाइनांना मात्र त्यात आख्खी अट लिहिलेली, हजारासकट. म्हणजे कोडचा काही भाग डेटात राहतो. सोर्स फोल्डरवर कुठलंही साधन कितीही वेळा फिरवलं तरी तो सापडला नसता.

संध्याकाळी सरांना फोन केला. आवाज खुश. "अहो, दर सेटला मालक नवं काहीतरी सांगायचे. प्रत्येक वेळी एक्सई करून, सीडी घेऊन स्कूटरवर एमआयडीसीत कोण जाणार? म्हणून टेबलात टाकलं. अण्णांना सांगायचो, इथे असं टाइप करा."

म्हणजे सूत्रं अण्णांनी टाइप केली आहेत! कोडच्या एका भागाचे लेखक अण्णा आहेत आणि ते त्यांना ठाऊकच नाही.

सरांना आणखी एक विचारलं. क्रेडिट नोटच्या प्रोसीजरवर रोमन अक्षरांत मराठी शेरा आहे, 'हे काढू नका, बिल फिरतं'. म्हणजे काय? सर थोडं थांबले. माल परत आला तर मूळ बिलाच्या तारखेचाच दर लागला पाहिजे. ते काढलं की परतीला आजचा दर लागतो आणि पार्टीशी हिशेब जुळत नाही. पाच शब्दांच्या शेऱ्यात एवढं. डेन्मार्कच्या पीटर नाऊर यांनी १९८५ मध्ये म्हटलं होतं की प्रोग्रामचा खरा गाभा तो लिहिणाऱ्यांच्या समजुतीत असतो, कोड आणि कागदपत्रांत तो पूर्ण उतरत नाही. सर फोनवर आहेत तोवर ठीक. संभाषण टिपून मजकुराच्या फाइलीत ठेवलं, सोर्सच्याच फोल्डरमध्ये.

सोमवार, १५ सप्टेंबर

कारखान्याच्या जुन्या हार्ड डिस्कवर सोर्सचे झिप बॅकअप आहेत: 'नवीन', 'नवीन२', 'फायनल', 'फायनल_खरं'. नावांवर विसंबून उपयोग नाही, आतल्या फायलींच्या तारखांनी क्रम लावला. प्रत्येक बॅकअप मजकुरात बदलून, त्या त्या तारखेने, गिटमध्ये एकेक कमिट (बदलांची नोंद) म्हणून चढवला. लिहिताना कधी गिट नव्हतं, पण इतिहास मागाहून उभा करता येतो.

हे करण्यामागे एकच प्रश्न होता. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हा सरांनी कुठे कुठे हात लावला? दर बदलण्याची ती मागची वेळ. त्या वेळी ज्या जागा बदलाव्या लागल्या, जवळजवळ त्याच आता बदलाव्या लागणार. जुलैच्या आधीचा आणि नंतरचा बॅकअप यांचा फरक काढला, आणि गिट लॉगला मोठा एस देऊन (हा पर्याय ज्या कमिटमध्ये त्या मजकुराची संख्या बदलली तेवढीच कमिट दाखवतो) २०१७-०७-०१ ही तारीख शोधली. आकड्याऐवजी तारीख शोधल्याने ग्रॅम-किलोचा सगळा कचरा आपोआप गळाला.

भिंतीवरच्या यादीत नसलेली एक जागा मिळाली: जीएसटीआर-१ या विक्रीच्या विवरणपत्रासाठी एचएसएनवार (मालाच्या वर्गीकरणाच्या कोडप्रमाणे) गोषवारा काढणारी, डीबीसीतली, म्हणजे डेटाबेसच्याच फाइलीत ठेवलेली, स्टोअर्ड प्रोसीजर. महिन्यातून एकदाच चालते, म्हणून माझ्या कव्हरेज लॉगमध्ये आली नव्हती.

ज्युनियरने एका एआय सहायकाला काही प्रोसीजर वाचायला दिल्या. फक्त कोड, पार्ट्यांची नावं किंवा डेटा नाही, हे आधीच ठरलेलं. लांबलचक क्लिकचा सारांश त्याने सुरेख काढला, आमचा अर्धा दिवस वाचला. मॅक्रोची ओळ विचारली तर कुठली प्रोसीजर चालते तिचं नाव ठामपणे सांगितलं. त्या नावाची प्रोसीजर प्रकल्पात नाही. मी ज्युनियरला एवढंच सांगितलं की ते जे सांगेल ते प्रश्न म्हणून घ्यायचं आणि लॉगमध्ये तपासायचं.

गुरुवार, १८ सप्टेंबर

काल अधिसूचना निघाली. आकडे तेच, तारीख २२ च. आता हात लावायला हरकत नाही.

हजाराच्या जागी अडीच हजार लिहायचं नाही. दरांचं एक टेबल: कधीपासून, किती किमतीपर्यंत, किती टक्के. एक फंक्शन, त्याला तारीख आणि नगाची किंमत द्यायची. सापडलेल्या सगळ्या जागा त्याच फंक्शनला विचारतील, छापील बिलाचा रिपोर्टसुद्धा. क्रेडिट नोट मूळ बिलाची तारीख देईल. सूत्रांमधली अट काढून तिथेही हेच फंक्शन; ते टाइप करायला अण्णांना शेजारी बसवून घेतलं.

सेटचा प्रश्न मात्र माझा नाही. आजचा कोड सुट्ट्या मालाला नगाची किंमत बघतो, आणि काही सेटना आख्ख्या सेटची. 'नग' कशाला म्हणायचं हे मालक आणि त्यांचे सीए ठरवतील. मी त्यांना दोन्ही प्रकारच्या डिझाइनांची यादी छापून दिली. कोड काय करतो ते सांगणं माझं काम. त्याने काय करावं ते त्यांचं.

शनिवार, २० सप्टेंबर

तपासणी. ऑगस्टची सगळी बिलं कॉपीवर जुन्या आणि नव्या कोडमधून काढली, निकाल मजकुरात काढून तुलना केली. जुन्या तारखांना फरक शून्य हवा, तो शून्य आला. मग त्याच बिलांना पुढची तारीख दिली. आता फरक दोनच पट्ट्यांत यायला हवेत: हजाराच्या वर ते अडीच हजारपर्यंत १२ चे ५, आणि अडीच हजारावर १२ चे १८. तसेच आले, शिवाय एका प्रोफॉर्मात पैशांच्या राउंडिंगचा फरक. तो प्रोफॉर्मा आधीपासूनच वेगळं राउंडिंग करत होता. तसाच ठेवला, नोंद केली.

सोमवार, २२ सप्टेंबर

घटस्थापना. नवी एक्सई चालू. पहिलं बिल अण्णांनी कॅल्क्युलेटरवर ताडून पाहिलं, दुसरंही. तिसऱ्याला कॅल्क्युलेटर ड्रॉवरमध्ये.

बुधवार, २४ सप्टेंबर

सीना नदीला पूर, पुण्याकडची वाहतूक अडकलेली. अण्णांचा सगळा दिवस ट्रान्सपोर्टवाल्यांच्या फोनवर. त्यातच ऑगस्टच्या एका बिलाचा माल परत. क्रेडिट नोट १२ टक्क्यांनीच निघाली.

शनिवार, ४ ऑक्टोबर

दसरा झाला, हिशेब झाला. मालकांनी विचारलं, "आता तुम्हाला सगळं सॉफ्टवेअर कळलंय, तर नवीन करून द्यायला किती घ्याल?"

भिंतीवरचा कागद त्यांच्यासमोर ठेवला. या कागदावर आहे तेवढं कळलंय: बिल ते कर. पगाराचा भाग उघडलेलाही नाही. सुताचा स्टॉक कसा चालतो याची मला कल्पना नाही, बीमचा हिशेब कुणी लिहिला हेही सांगता येणार नाही. नव्याचा आकडा हवा असेल तर आधी एकेका भागाचा प्रश्न ठरवू, त्याला लागणारा वेळ सांगतो, आणि त्या वेळेचे पैसे वेगळे. सर तीन-चार वेळा फोनवर लागतील, त्यांचंही मानधन धरा.

"सरांचं?" मालक म्हणाले. मग थोड्या वेळाने, "धरा."

सुरुवात पगारापासून. अण्णांकडे यादी मागितली आहे: पगाराची किती प्रकारची पत्रकं निघतात, आणि त्यांतलं मेनूत नसलेलं कुठलं.